दुसरी शिंक

मे महिन्यात चंद्रपुरात माणसाचा चेहरा दिसणं तसं दुर्मीळच. सकाळी नऊ वाजले की जो तो दुपट्ट्यात, गमछ्यात गुंडाळलेला. ओळखीचं माणूससुद्धा चपलांवरून ओळखावं लागतं. त्यामुळे जटपुरा गेटजवळच्या गाडीअड्ड्यावर, आपल्या पांढऱ्या व्हॅनच्या सावलीत बसलेल्या धम्मदीप रामटेकेला समोर उभी राहिलेली मुलगी आधी दोन डोळे आणि एक वही एवढीच दिसली.

"आलापल्लीले गाडी नेता काय?" डोळ्यांनी विचारलं.

"नेतो ना जी. किती सवाऱ्या?"

"तीन. मी, माही आत्या, अन् भाऊसाहेब."

"भाऊसाहेब म्हणजे वडील?"

"मांजर."

शेजारच्या तीन ड्रायव्हरांनी या शब्दावर आधीच हात वर केले होते. एकाच्या मते मांजर सीट फाडतं, दुसऱ्याच्या मते ओकतं, आणि तिसऱ्याने तर काहीच न बोलता काच वर केली होती. धम्मदीपपाशी मात्र कारण सगळ्यांत पक्कं होतं. लहानपणापासून मांजर दहा हातांवर आलं की त्याच्या नाकात हुळहुळायचं, डोळे लाल व्हायचे आणि मग शिंक. नाही जमणार, असं सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात मुलीने पाणी प्यायला दुपट्टा सोडला.

आता ती काही पोस्टरवरची नायिका नव्हती. केस घामाने कपाळाला चिकटले होते, नाकाचा शेंडा उन्हाने लाल झाला होता. पण पाणी पिताना हनुवटीवर ओघळलेला थेंब तिने मनगटाने असा काही पुसला, की सहा वर्षं या रस्त्यावर शेकडो सवाऱ्या नेलेल्या धम्मदीपला आपण काय म्हणणार होतो तेच आठवेना.

"चालते की," तो म्हणाला.

"मांजराचा त्रास तर नाई ना तुमाले?"

"छे! मले तं मांजर... लई आवडते."

खोटं एकदा बोललं की ते सांभाळावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. फक्त ते किती किलोचं असेल, याचा अंदाज नव्हता.

मुलीचं नाव नंदिनी. ती स्टाफ नर्स होती आणि तिची बदली आलापल्लीला झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं, म्हणून रविवारी पहाटे निघायचं ठरलं. मधल्या चार दिवसांत तिचे अकरा फोन आले. तिच्या वहीत मांजराला उन्हाळ्यात सुखरूप नेण्याचे एकवीस नियम होते, आणि प्रत्येक नियम ड्रायव्हरला तोंडपाठ झाला पाहिजे असा तिचा हट्ट होता.

"नंबर चार. टोपली सीटवर नुसती ठेवाची नाई, पट्ट्यानं बांधाची."

"बांधतो जी."

"नंबर नऊ. बंद गाडीत त्याले एकटं सोडाचं नाई. पाच मिनिटं बी नाई."

"मी चहाले बी उतरणार नाई. थर्मास आणतो."

"माह्यासाठी बी चहा आणान काय?"

"तुमच्यासाठी वेगळा थर्मास आणतो."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज. "थे नियमात नाई," ती म्हणाली, पण आवाजात हसू होतं.

आठव्या फोनला नियमच नव्हता. "आज किती होतं जी तापमान?" तिने विचारलं.

"सेहेचाळीस. पण हे तं पेपरात बी असते."

"पेपर बोलत नाई ना."

धम्मदीपने त्या रात्री दोनदा जेवण वाढून घेतलं, असं त्याच्या आईचं म्हणणं आहे.

खरी पंचाईत दहाव्या फोनला झाली. नंदिनीने सहज सांगितलं, की मागच्या वर्षी ब्रह्मपुरीचे पाहुणे तिला पाहायला आले होते. मुलगा चांगला, नोकरी चांगली. सगळं जमलं आणि शेवटी मुलगा म्हणाला, मांजर इथंच ठेवून या. "मी म्हटलं, दारात चपला काढल्या, तशी मांजर बी काढून ठेवू काय? मले नको म्हणा, चालते. त्याले नको म्हणणाऱ्याच्या घरी मी पाय नाई ठेवत."

"मग?"

"चहा पिऊन गेले."

"बरं झालं!" धम्मदीप म्हणाला. मग घाबरला. "म्हणजे... वाईट झालं."

"नक्की काय झालं?"

"चहा पिऊन गेले... थे बरं झालं."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ आपलं नाक धरून बसला. या नाकापायी आपला संसार सुरू व्हायच्या आधीच मोडणार, याबद्दल त्याची खात्री झाली. काही झालं तरी आलापल्लीपर्यंत शिंकायचं नाही, एवढंच आता हातात होतं.

नियम क्रमांक एक असा होता: पहाटे साडेचारला निघायचं, म्हणजे ऊन तापायच्या आत आठला पोचता येतं. धम्मदीप बाबूपेठेत नंदिनीच्या घरी सव्वाचारलाच पोचला. सामान चढवून झालं. मग नंदिनी भाऊसाहेबांना घेऊन आली. हे गृहस्थ म्हणजे सहा किलोचा नारिंगी बोका. अंगात पट्टा, गळ्यात नाव-फोनची चकती, आणि चेहऱ्यावर गाडीची तपासणी करायला आल्याचा भाव. चारही बाजूंनी जाळी असलेल्या टोपलीत ते स्वतःच्या पायांनी जाऊन बसले. मागून नंदिनीच्या आत्या, गिरजाबाई, आल्या. अंगणवाडीत तीस वर्षं पोरं सांभाळून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि भाचीचं घर लावून द्यायला निघाल्या होत्या.

गिरजाबाईंनी गाडीत एक पाय ठेवला आणि धम्मदीप शिंकला.

गिरजाबाईंनी पाय काढून घेतला. पायरीवर जाऊन बसल्या.

"आत्या, आता काय?"

"एक शिंक म्हणजे थांब. दोन शिंका म्हणजे जा. जराशीक बस, पाणी पी."

"आत्या! आपल्या घरी शकून-अपशकून कोनी मानते काय?"

"मी कुठी मानतो? म्या नाई मानत," गिरजाबाई म्हणाल्या. "पण बसाले काय जाते?"

पाऊण तास गेला. पाणी झालं. गिरजाबाईंनी पुन्हा पाय ठेवला. टोपली आता सीटवर बांधलेली, धम्मदीपच्या नाकापासून चार हातांवर. त्याने श्वास रोखला, दात आवळले, कानातून वाफ जाईल इतका जोर लावला... आणि शिंकला. एकदाच. धम्मदीपचं नाक मोठं ठरल्या बाण्याचं होतं: एक शिंक टाकायची आणि मग दहा मिनिटं विश्रांती. दुसरी कधी लगेच यायचीच नाही.

"धूळ आहे जी," तो म्हणाला. मग शहाणपण सुचून त्याने दुसरी शिंक स्वतःच काढली. "आं... छी."

गिरजाबाईंनी मान हलवली. "हे खरी नाई, भाऊ. तीस वर्षं अंगणवाडीतल्या पोराइच्या शिंका ऐकल्या म्या. मले नको शिकवू."

असं चार वेळा झालं. शेवटी गिरजाबाईंनाच कंटाळा आला, आणि पाचव्या शिंकेच्या आधी गाडी हलली तेव्हा साडेसात वाजले होते. नंदिनी वहीतल्या पहिल्या नियमाकडे पाहत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. तो चेहरा आरशात बघून धम्मदीपला स्वतःची फार लाज वाटली. मांजराची ॲलर्जी आहे, एवढं एक वाक्य तो बोलला असता तर शकुनही उरला नसता आणि अपशकुनही. पण ते वाक्य बोललं की ब्रह्मपुरीच्या पाहुण्यांच्या रांगेत आपणही जाऊन बसणार. त्याने गियर टाकला.

बामणी गेलं, कोठारी गेलं. एसी चालू, काचा बंद, आणि बंद गाडीत भाऊसाहेबांचा दरवळ. धम्मदीप दर दहा मिनिटांनी शिंकत होता आणि दर वेळी "धूळ" म्हणत होता. गोंडपिपरीला नंदिनीने गाडी थांबवली. डांबरावर तळहात ठेवून बघितला, चटका बसला तसं मांजराला खाली न उतरवता टोपलीतच वाटीने पाणी पाजलं. मग टोपली सगळ्यांत मागे, आत्याच्या शेजारी बांधली आणि स्वतः पुढच्या सीटवर येऊन बसली.

धम्मदीपला आनंदाने गियर सापडेना.

"मागं... त्रास होत होता काय?"

"पुढं बरं वाटते," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "तुमचे डोळे लाल दिसून राह्यले. रडले काय?"

"जागरण."

"कोनाच्या आठवणीनं?"

"एकवीस नियमाइच्या."

ती हसली. हसताना तिचा दुपट्टा एसीच्या वाऱ्याने त्याच्या हातावर आला, आणि तिने तो काढून घ्यायची काही घाई केली नाही. वैनगंगेचा पूल आला. नदीत पाण्याच्या चार रेघा आणि बाकी सगळी वाळू, पण धम्मदीपला ती नदी त्या दिवशी भरलेली दिसली. आष्टी मागे पडलं. मनात आलं, आता सांगावं... आलापल्लीला पोचल्यावर सांगावं... सामान उतरवल्यावर सांगावं...

आणि पुढे ट्रकच ट्रक. कुठेतरी वळणावर एक ट्रक रस्त्यात आडवा बंद पडला होता आणि त्याच्यामागे किलोमीटरभर रांग लागली होती. साडेदहा वाजले होते. मे महिन्यातलं सागाचं जंगल म्हणजे नुसत्या उभ्या काठ्या. पान नाही, सावली नाही. अर्धा तास एका जागी एसी चालवल्यावर व्हॅनच्या इंजिनाचा काटा लाल रेघेला टेकला. एसी बंद करावा लागला. काचा उघडल्या तर आत चुलीसमोरची हवा आली.

"नंदिनी," मागून गिरजाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "भाऊसाहेबाकडं पाह्य वं. तोंड उघडून राह्यले."

नंदिनी सीटवरून मागे झेपावली. कुत्र्याने धापा टाकणं वेगळं. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं की वेळ थोडा असतो, हे तिने वहीत लाल शाईने लिहिलं होतं. तिने टोपलीवरचा पंचा ओला केला, तळपायांना पाणी लावलं. सकाळपासून सगळ्यांवर हुकूम सोडणारी ती मुलगी आता विनवण्या करत होती. "थंड जागा पायजे," ती म्हणत होती, "जी, कुठी तरी थंड जागा..."

धम्मदीपने एक क्षण तिच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा गमछा बाटलीतल्या पाण्याने चिंब केला आणि मागचं दार उघडलं. "अर्ध्या किलोमीटरवर नीलाबाईची खानावळ आहे. कूलर आहे तिथी. आना इकडं."

"मी घेते..."

"सहा किलो हाय, अन् पळाचं आहे. पट्टा माह्या मनगटाले बांधा."

तिने बांधला. धम्मदीपने भाऊसाहेबांना ओल्या गमछ्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि ट्रकांच्या रांगेच्या कडेने पळत सुटला.

जन्मात तो मांजराच्या इतक्या जवळ कधी गेला नव्हता. नारिंगी केस नाकाशी, कान हनुवटीखाली. नाकाचा ठरला बाणा तिथे कोसळला. शिंकेमागून शिंक, शिंकेमागून शिंक. डोळ्यांना धारा लागल्या, रस्ता दिसेना, तरी तो पळत होता. ट्रकचे ड्रायव्हर खिडकीतून वाकून पाहत होते. मागून नंदिनी, आणि तिच्या मागून पदर डोक्यावर घेतलेल्या गिरजाबाई, धापा टाकत मोजत होत्या.

"दोन झाल्या! चार! सा! जा बापा, जा! लई शुभ आहे! आठ!"

नीलाबाईच्या खानावळीत वाळ्याच्या टट्ट्यांचा भला मोठा कूलर घरघरत होता. नंदिनीने भाऊसाहेबांना समोरच्या ओल्या फरशीवर ठेवलं. बर्फ द्यायला निघालेल्या नीलाबाईला थांबवून तिने साध्या पाण्याने त्यांचे कान, पोट, तळपाय भिजवले, बोटावरून थेंब थेंब पाणी जिभेला लावलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग भाऊसाहेबांनी तोंड मिटलं, एक लांब श्वास घेतला, आणि आपल्याला भर रस्त्यातून गमछ्यात बांधून आणल्याबद्दल सगळ्यांकडे अत्यंत तिरस्काराने पाहिलं.

नंदिनी तिथेच फरशीवर बसली आणि रडली. गिरजाबाई कूलरसमोरच्या बाकावर आडव्या झाल्या. धम्मदीप दाराशी उभा होता; नाक टोमॅटो झालेलं, डोळे सुजलेले. त्याला आता सांभाळावं असं काही उरलंच नव्हतं.

"माह्यामुळं झालं," तो म्हणाला. "मले मांजराची ॲलर्जी आहे. लहानपणापासून. सकाळीच सांगितलं असतं तं साडेचारले निघालो असतो. मी खोटं बोललो... धूळ नव्हती."

"माहीत आहे," नंदिनी डोळे पुसत म्हणाली.

"कवापासून?"

"गोंडपिपरीपासून. धूळ म्हणत होते तुमी... अन् काचा बंद होत्या जी. मी नर्स आहो."

"मग..."

"गोळी होती पर्समध्ये. पण थे खाऊन झोप येते. ड्रायव्हरले कशी देऊ? म्हणून भाऊसाहेबाले मागं नेलं."

धम्मदीपचा चेहरा पडला. "म्हणून पुढं बसल्या तुमी..."

"टोपली मागं नेली थे म्हणून," ती म्हणाली. "मी पुढं आली थे... मले पुढचं पाहाचं होतं."

"रस्ता?"

"रस्त्याकडं कोन पाहत होतं?"

कूलर घरघरत होता. बाहेर ट्रकांचे भोंगे वाजत होते, पण ते फार लांब कुठेतरी वाजत असावेत असं धम्मदीपला वाटलं.

"मग बोलल्या काऊन नाई?"

"तुमी कवा सांगता, थे पाहून राह्यली होती." तिचा आवाज खाली आला. "चुकलं माहं बी. म्या बोलाले पायजे होतं. पण लोक मांजर आवडते म्हणतात जी, अन् मंग चहा पिऊन जातात. तुमाले सोसत नाई, तरी तुमी त्याले छातीशी धरून पळाले..."

धम्मदीप तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला. सहा वर्षांत त्याने घाटावरसुद्धा एवढा जीव मुठीत धरला नव्हता. "नंदिनी, मले मांजर सोसत नाई. थे काही बदलणार नाई. पण तुमी त्याच्यासंगच येता, हे मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी रोज रात्री गोळी खाईन. एक खोली त्याची, थे मी झाडणार नाई, बाकी सगळं घर झाडीन."

"कोनतं घर?"

"म्हणजे... जे राहील थे."

"कोनाचं?"

त्याने मोठा श्वास घेतला. "आपलं," तो म्हणाला.

आणि शिंकला.

एकदाच.

बाकावर गिरजाबाईंचा एक डोळा उघडला. "बसून राहा दोघं बी," त्या म्हणाल्या. "पाणी प्या."

धम्मदीपने नंदिनीकडे पाहिलं. सकाळपासून याच गोष्टीवरून आत्याशी भांडलेली नंदिनी आता मुकाट्याने त्याच्या नाकाकडे बघत होती. तो जोर लावत होता, भुवया ताणत होता, छताकडे बघत होता. दुसरी येईना. नाक पुन्हा आपल्या बाण्यावर गेलं होतं. एक मिनिट गेलं. नीलाबाईसुद्धा झारा हातात धरून थांबली.

नंदिनी उठली. फरशीवर पंजे चाटत बसलेल्या भाऊसाहेबांना तिने दोन्ही हातांनी उचललं आणि थेट धम्मदीपच्या तोंडासमोर धरलं, नाकाला नाक लागेल इतकं जवळ.

खानावळीची भांडी वाजतील अशी ती दुसरी शिंक आली.

"झाल्या दोन, आत्या," नंदिनी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते आणि बोका अजून हातातच होता. बाकावरून गिरजाबाई उठून बसल्या आणि भाचीकडे नुसत्या टक लावून पाहत राहिल्या.

"अशी काय पायतं? म्या नाई मानत," नंदिनी म्हणाली. "पण मोजाले काय जाते?"